‘वर्ड पॉवर’ वाढवून ‘इलियड’ वाचता येतं का?

वडनेर भोलजीच्या एका बी.एस्सी.च्या मुलानं मागच्या आठवड्यात मला विचारलं, “दादा, इलियड इंग्रजीतून वाचाचं आहे. आधी किती शब्द पाठ करा लागतीन?” त्याच्याकडे नॉर्मन लुईसचं ‘वर्ड पॉवर मेड इझी’ होतं. शिवाय कुठल्याशा क्लासमधून मिळालेली तीन हजार अवघड शब्दांची पीडीएफ. आधी हे दोन्ही संपवायचं, मग होमर उघडायचा, असा बेत.

हा बेत काही त्याच्या एकट्याचा नाही. मलकापूर-नांदुरा पट्ट्यातल्या कुठल्याही अभ्यासिकेत जा, लुईसची एक तरी झिजलेली प्रत सापडेल. आधी शब्द, मग पुस्तक, हे आपण इतकं गृहीत धरलंय की ते तपासून बघायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. आणि बहुतेक वेळा होतं काय, तर यादी ‘सी’ किंवा ‘डी’ अक्षरापाशी अडकते, होमर बंदच राहतो आणि माणूस ठरवून टाकतो की इंग्रजी साहित्य हे मराठी माध्यमवाल्यांचं काम नाही. हे शेवटचं मला खुपतं, म्हणून एवढं लांबण लावतोय.

माझी पीएच.डी. कपाशीच्या शेतातल्या कीटकांच्या विविधतेवर आहे. तुम्ही म्हणाल, याचा होमरशी काय संबंध? आहे, आणि जवळचा आहे. सापळा लावून कीटक मोजायला बसलं की नेहमी एकच चित्र दिसतं: चार-दोन जाती शेकड्यांनी, आणि खूप जाती फक्त एकेकदा. १९४३ साली रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञानं कॉर्बेट आणि विल्यम्स या दोघा कीटकतज्ज्ञांबरोबर यावर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. कॉर्बेटनं मलायात फुलपाखरं गोळा केली होती. त्यात ११८ जाती अशा होत्या की ज्यांचा प्रत्येकी एकच नमुना मिळाला, ७४ जातींचे दोन-दोन, ४४ जातींचे तीन-तीन. प्रश्न असा होता की अजून तेवढाच काळ जाळं फिरवलं तर किती नव्या जाती सापडतील?

१९७६ साली ब्रॅडली एफ्रन आणि रोनाल्ड थिस्टेड यांनी हेच गणित शेक्सपिअरला लावलं. जातीच्या जागी शब्द, नमुन्याच्या जागी त्या शब्दाचा वापर. शेक्सपिअरच्या सगळ्या लेखनात मिळून ८,८४,६४७ शब्द आहेत. वेगवेगळे मोजले तर ३१,५३४ (‘गो’ आणि ‘गोज’ हे वेगळे धरून). त्यातले १४,३७६ संपूर्ण लेखनात फक्त एकदाच येतात. म्हणजे शब्दसंग्रहातला पंचेचाळीस टक्क्यांहून जास्त भाग एकदा तोंड दाखवून गायब. यावरून त्यांनी अंदाज बांधला की शेक्सपिअरला ठाऊक असलेले, पण त्यानं न वापरलेले आणखी निदान ३५,००० शब्द असावेत.

आता याच चष्म्यातून त्या पीडीएफकडे बघा. परीक्षेच्या यादीतला अवघड शब्द दहा लाख शब्दांमागे एकदा येतो असं धरू. हे उदारपणे धरलंय, कित्येक शब्द याहूनही दुर्मिळ असतात. तुम्ही वाचणार ते पुस्तक दीड लाख शब्दांचं. तर असा एखादा शब्द त्या पुस्तकात एकदा तरी भेटण्याची शक्यता साधारण १४ टक्के. म्हणजे शंभर शब्द पाठ केले तर चौदा भेटतील, शहाऐंशी भेटणारच नाहीत. रोज दहा शब्द केले तरी तीन हजारांना ३०० दिवस लागतात. तोवर पहिल्या महिन्यातले किती शिल्लक राहिले असतील, ते पाठांतर केलेल्या कुणालाही विचारा.

एवढ्यावर थांबलं तर निराशाच होईल. पण या गणितात एक भोक आहे आणि ते आपल्या फायद्याचं आहे. वर मी असं मानलं की दुर्मिळ शब्द पुस्तकांत सारखे विखुरलेले असतात. तसं नसतं. कीटकांसारखेच शब्दही पुंजक्यानं राहतात. केनेथ चर्च या भाषा-संगणनातल्या संशोधकानं २००० साली हे फार मजेशीर मांडलं. एखाद्या मजकुरात ‘नोरिएगा’ हे पनामाच्या हुकूमशहाचं आडनाव येण्याची शक्यता अगदी थोडी, तिला ‘प’ म्हणू. मग ते दोनदा येण्याची शक्यता किती? शाळेतलं उत्तर ‘प’चा वर्ग, म्हणजे जवळजवळ शून्य. चर्चनं मोजलं तर ती ‘प’च्या निम्म्याजवळ निघाली. एकदा आला की पुन्हा येण्याची शक्यता जवळपास फिफ्टी-फिफ्टी!

वीरकाव्याला हे सगळ्यात जास्त लागू पडतं. ‘ग्रीव्ह्ज’ हा शब्द घ्या. पोटरीवर बांधायचं कवच. आजच्या इंग्रजीत हा शब्द तुम्हाला वर्षभर पेपर वाचून दिसणार नाही आणि लुईसमधून तो शिकण्याची आशा नको. पण होमरचे ग्रीक योद्धे जणू जन्मतःच पोटऱ्यांना कवच बांधून आलेत. त्यांचं ते विशेषणच आहे, आणि विशेषणं जपणारा अनुवाद असेल तर ते पुन्हापुन्हा येतं. मिल्मन पॅरी या अमेरिकी अभ्यासकानं १९२०-३० च्या दशकांत दाखवून दिलं की होमरची भाषा अशा ठरीव तुकड्यांनी बांधलेली आहे. मग १९३३ ते १९३५ मध्ये युगोस्लाव्हियात जाऊन त्यानं तिथल्या गाणाऱ्या शाहिरांची ध्वनिमुद्रणं केली. त्याचा शिष्य आल्बर्ट लॉर्ड यानं १९६० मध्ये त्यावर ‘द सिंगर ऑफ टेल्स’ लिहिलं. न लिहिता, उभ्या उभ्या हजारो ओळी गायच्या तर तयार तुकडे लागतातच. वाचकाला त्याचा फायदा असा की इलियडच्या चोवीस सर्गांपैकी पहिला महाग पडतो, पुढचे स्वस्त होत जातात. अवघड शब्दांची खरी यादी पुस्तकाच्या पहिल्या पन्नास पानांतच असते. बाहेरून आणायची गरज नाही.

बरं, मग मुळात किती शब्द यायला हवेत? यावर बरंच काम झालंय. हू आणि नेशन यांनी २००० साली एका गोष्टीतले काही शब्द बदलून त्यांच्या जागी निरर्थक शब्द घातले आणि विद्यार्थ्यांना ती वाचायला दिली. ८० टक्के शब्द ओळखीचे असताना गोष्ट कुणालाच पुरेशी कळली नाही. आरामात वाचायला ९८ टक्क्यांच्या आसपास लागतात, असा त्यांचा निष्कर्ष. तीनशे शब्दांच्या पानावर ९८ टक्के म्हणजे सहा अनोळखी शब्द, ९५ टक्के म्हणजे पंधरा, ९० टक्के म्हणजे तीस. पॉल नेशननं २००६ मध्ये हिशेब मांडला की कादंबऱ्या आणि वर्तमानपत्रं यांत ९८ टक्के गाठायला आठ ते नऊ हजार शब्दकुळं लागतात. शब्दकुळ म्हणजे ‘डिसाइड’, ‘डिसिजन’, ‘डिसायसिव्ह’ हे सगळे मिळून एक.

क्लासवाले नेमका हाच आकडा पुढे करतात: बघा, नऊ हजार लागतात, घ्या यादी. पण २०११ मध्ये श्मिट, जियांग आणि ग्रेब यांनी आठ देशांतल्या ६६१ जणांवर अभ्यास केला, तेव्हा त्यांना असा कुठला उंबरठा दिसलाच नाही. शब्द जास्त कळले की मजकूर जास्त कळतो, हळूहळू, सरळ रेषेत. ९८ च्या आत आलात म्हणून दार बंद होत नाही. सराव म्हणून किंवा ओढीनं वाचणाऱ्याला ९२ वरही बरंच काही मिळतं, फक्त दमायला होतं.

या अभ्यासांवर माझा स्वतःचा एक आक्षेप आहे, आणि वीरकाव्याच्या बाबतीत तो साधा नाही. संगणक शब्दाचं रूप मोजतो, अर्थ मोजत नाही. ‘होस्ट’ हा शब्द तुम्हाला येतो, टीव्हीवरच्या कार्यक्रमाचा असतो तो. जुन्या युद्धवर्णनात ‘होस्ट’ म्हणजे सैन्य. ‘मेल’ म्हणजे कड्यांचं चिलखत. ‘स्टँडर्ड’ म्हणजे ध्वज. ‘ट्रेन’ म्हणजे मागून चालणारा लवाजमा. आणि ‘बॉस’ म्हणजे ढालीच्या मधोमध असलेला फुगवटा! हे सगळे शब्द रोजच्या वापरातले, त्यामुळे मोजणीत ते ‘ओळखीचे’ म्हणून जमा होतात. वाचकही थांबत नाही, कारण अडल्यासारखं वाटतच नाही. अनोळखी शब्द निदान हात वर करून उभा राहतो. हे ओळखीच्या चेहऱ्याचे शब्द गुपचूप चुकीच्या गावाला नेऊन सोडतात. अवघड शब्दांच्या कुठल्याही यादीत ते नसतात, कारण ते अवघड दिसत नाहीत.

आता लुईसकडे येतो. १९४९ चं हे पुस्तक आहे आणि शिकवण्याची त्याची पद्धत खरंच चांगली आहे. एक धातू घ्यायचा, त्यातून फुटणारे शब्द दाखवायचे, लगेच चाचणी, मग उजळणी. माझा त्याच्याशी वाद कशासाठी निवडलं एवढ्यापुरताच आहे. त्याची प्रकरणं बघा: माणसांचे स्वभाव, डॉक्टरांचे प्रकार, निरनिराळे व्यावसायिक, शास्त्रज्ञ. ‘अल्ट्रुइस्ट’, ‘मिसोगिनिस्ट’, ‘ऑब्स्टेट्रिशियन’. शहरातल्या सुशिक्षित अमेरिकी माणसाला गप्पांत आणि ऑफिसात लागणारी ही भाषा. तीही जवळजवळ सगळी ग्रीक-लॅटिन मुळांची.

मराठी वाचकाला हा मुद्दा चटकन कळेल. आपल्याकडे पाणी आणि जल, हात आणि हस्त, घर आणि गृह अशा जोड्या आहेत. इंग्रजीतही तसंच. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्यानंतर फ्रेंच-लॅटिन शब्दांचा थर वरून येऊन बसला. खाली जुने, आखूड, घरगुती शब्द राहिले. लुईस शिकवतो ते इंग्रजीचे तत्सम शब्द. ‘बिओवुल्फ’ हे ३,१८२ ओळींचं काव्य नॉर्मन येण्याआधीचं. त्याचा अनुवाद करणारे शक्यतो खालच्या थरातून शब्द उचलतात: ‘हेल्म’ म्हणजे शिरस्त्राण, ‘मीड’ म्हणजे मधाची दारू, ‘थेन’ म्हणजे राजाच्या पदरचा सरदार, ‘किन’ म्हणजे भावकी. तीस प्रकारच्या डॉक्टरांची नावं पाठ असलेला माणूस इथे पहिल्या पानावर अडखळतो.

शेमस हीनीनं १९९९ मध्ये ‘बिओवुल्फ’ इंग्रजीत आणलं, त्याच्या प्रस्तावनेत एक फार सुंदर गोष्ट आहे. जुन्या इंग्रजीत ‘सोसणं’ या अर्थाचा एक शब्द त्याला दिसला, आणि लक्षात आलं की आपली उत्तर आयर्लंडमधली आत्या-मावशीच्या पिढीतली बाई बोलताना ‘थोल’ म्हणायची, तो हाच. शाळेच्या इंग्रजीत नसलेला, गावाकडच्या तोंडी टिकलेला शब्द थेट महाकाव्यात. ज्यांना घरची वऱ्हाडी शाळेत लपवावी लागली, त्यांनी ही प्रस्तावना तेवढ्यासाठी तरी वाचावी.

लुईसवर अन्याय नको म्हणून हेही सांगतो: मिल्टनच्या ‘पॅरडाइज लॉस्ट’ला त्याचा उपयोग होतो. १६६७ चं हे काव्य लॅटिन वळणाचं आहे, इतकं की मिल्टन इंग्रजी शब्द त्यांच्या मूळ लॅटिन अर्थानं वापरतो. त्याच्याकडे ‘एरर’ म्हणजे चूक नसून वळणं घेत भटकणं असू शकतं, ‘हॉरिड’ म्हणजे काटे उभे राहिल्यासारखं. तिथे धातू ठाऊक असलेला माणूस पुढे जातो आणि फक्त आजचा अर्थ पाठ केलेला फसतो. म्हणजे लुईसमधून धातू घ्या, शब्द सोडा.

होमरसाठी सगळ्यात मोठा निर्णय शब्दांचा नाहीच, अनुवादाचा आहे. अलेक्झांडर पोपचं १७१५-२० चं यमकबद्ध इलियड, लँग-लीफ-मायर्स यांचं १८८३ चं मुद्दाम जुनाट केलेलं गद्य, सॅम्युअल बटलरचं १८९८ चं सरळ गद्य, रिचमंड लॅटिमोरचं १९५१ चं मुळाच्या तुकड्यांना धरून राहणारं पद्य, एमिली विल्सनचं २०२३ चं आजच्या भाषेतलं पद्य. मूळ एकच, पण शब्दांचा भार दुपटी-तिपटीनं वेगळा वाटेल. आपल्याकडे ‘क्लासिक’ म्हणून स्वस्तात किंवा फुकट हाती येतं ते बहुतेकदा जुनं असतं, कारण त्याचा कॉपीराइट संपलेला असतो. ते वाचून ‘होमर अवघड आहे’ म्हणणं म्हणजे मोरोपंत वाचून ‘महाभारत अवघड आहे’ म्हणण्यासारखं झालं. बटलरही फुकटच मिळतो. तो घ्या.

पण मला विचाराल तर त्याच्याही आधी किसारी मोहन गांगुलींचं महाभारत उघडा. १८८३ ते १८९६ या काळात प्रतापचंद्र रॉय यांनी ते कलकत्त्याहून भागाभागानं छापलं. सुरुवातीच्या भागांवर अनुवादकाचं नावसुद्धा नव्हतं. कॉपीराइट कधीच संपलाय, इंटरनेटवर पूर्ण आहे. भाषा व्हिक्टोरियन आणि जडच: ‘स्टीड’ म्हणजे घोडा, ‘शाफ्ट’ म्हणजे बाण, ‘मेस’ म्हणजे गदा. वीरकाव्याच्या अनुवादात लागणारा निम्मा शस्त्रसाठा इथे मिळतो, आणि गोष्ट तुम्हाला आधीच पाठ आहे! ‘माइटी-आर्म्ड’ दिसलं की ‘महाबाहो’ ऐकू येतं, शत्रूंना शासन करणारा असं काही दिसलं की ‘परंतप’. पारायणाला बसलेल्या, गीता ऐकलेल्या माणसाला होमरची ठरीव विशेषणं वेगळी समजवावी लागत नाहीत. पॅरीला ज्यासाठी युगोस्लाव्हिया गाठावा लागला, त्याचा अर्धा अंदाज आपल्याला देवळाच्या सभामंडपात येतो.

नावांचंही तसंच. वर सांगितलेल्या मोजण्यांत विशेषनामं ‘सहज कळणारी’ म्हणून धरतात. कादंबरीत चालतं ते. इलियडच्या दुसऱ्या सर्गात जहाजांची आणि सरदारांची लांबच लांब यादी आहे, तिथे नवखा वाचक गारद होतो. गांगुलींकडे नावं आपलीच. आणि भीष्मपर्वात नद्यांची, देशांची यादी आली की आपण बिनदिक्कत पुढे जातो, कुणी सांगावं लागत नाही. जहाजांच्या यादीतही तसंच करावं.

दुसरी शिडी घरचीच आहे. हॅरी अॅक्वर्थ हे मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर होते. वडाळ्याच्या कुष्ठरोग रुग्णालयाला नाव आहे तेच. त्यांनी शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्याबरोबर १८९१ मध्ये ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह काढला, आणि १८९४ मध्ये निवडक पोवाडे इंग्रजी पद्यात आणले, ‘बॅलड्स ऑफ द मराठाज’ या नावानं. अफझलखानाचा आणि सिंहगडचा असे दोन्ही त्यात आहेत. अनुवाद म्हणून मला तो फारसा पटत नाही. पोवाड्याचं अडत-धावत चालणं, मध्येच बोलल्यासारखं थांबणं, डफाची जागा, हे सगळं गुळगुळीत इंग्रजी बॅलडमध्ये विरून जातं. तानाजी स्कॉटलंडच्या सीमेवरचा सरदार वाटायला लागतो. पण आपल्या कामाला नेमकं हेच उपयोगी! मराठी पोवाडा एका बाजूला, अॅक्वर्थ दुसऱ्या बाजूला ठेवा. कडा चढण्याचं, वार करण्याचं, पडलेल्या सरदारासाठी रडण्याचं एकोणिसाव्या शतकातलं इंग्रजी डिक्शनरी न उघडता हाती येतं.

वहीबद्दल एकच नियम सुचवतो, चर्चच्या नोरिएगावरून काढलेला. शब्द पहिल्यांदा दिसला की पेन्सिलनं टिंब द्या आणि पुढे जा. दुसऱ्यांदा दिसला तरच डिक्शनरी उघडा आणि वहीत घ्या. एकदाच येणाऱ्या शब्दांचा ढीग आपोआप गळून पडतो. ओळखीचा शब्द वाक्यात विचित्र वागला तर मात्र पहिल्याच भेटीत थांबा. गांगुलींमध्ये याची परीक्षा लगेच होते: त्यांच्याकडे ‘कार’ म्हणजे रथ. कर्णपर्वाच्या शेवटाकडे कर्णाच्या ‘कार’चं चाक जमिनीत रुततं आणि तो खाली उतरून ते उपसायला लागतो. तिथूनच सुरुवात करा, साताठ पानांचा मामला आहे.